डीएनए टेस्ट करून घराण्याचं मूळ कळतं का? सातारा-सांगलीकडं कुणी केली आहे का?

आमच्या भावकीत दोघांनी केली. तेव्हापासून यात्रेच्या बैठकीला जाताना मी रक्तदाबाची गोळी आठवणीनं घेतो, त्यामुळं उत्तर लांबणार.

तुमचे आजोबा "आपण मूळचे राजस्थानचे" म्हणायचे, ते टेस्टमधून सिद्ध होईल का आणि कूळ कळेल का, असं तुम्ही विचारलंय. टेस्ट थुंकीवर होते, आणि कूळ, देवक, गोत्र यातलं काहीही थुंकीत नसतं. राजस्थानचं म्हणाल तर आपल्याकडं ज्याला विचारावं तो चितोडहूनच आलेला असतो. मग इथली रानं आधी कोण कसत होतं? कंपनी तुमचा नमुना आज हयात असलेल्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून बघते आणि टक्के काढते. तिच्या साठ्यात आपल्याकडचे नमुने थोडे, म्हणून नकाशावर अर्ध्या देशावर एकच रंग फासलेला येतो. पुढं साठा वाढला की तुमचे टक्केही बदलतात. तुम्ही होता तिथंच असता.

आता आमचं प्रकरण. गाव कोरेगाव तालुक्यातलं. माझ्या आजोबांना त्यांच्या मामांनी दत्तक घेतलं. मामांना मूल नव्हतं, त्यांनी सख्ख्या बहिणीचा मुलगा मांडीवर घेतला. मामांच्या धाकट्या भावाला मुलगे होते, त्यातला का घेतला नाही हा राग त्या घरानं आजवर जपलाय. यात्रेत पालखीला पहिला खांदा थोरल्या पातीचा, म्हणजे दत्तकानं तो आमच्याकडं आला. धाकट्या पातीचे तात्या नात्यानं माझे चुलते. त्यांचं म्हणणं, मान रक्ताचा असतो.

माझा धाकटा भाऊ आणि तात्यांचा मुलगा दोघंही अमेरिकेत. तिथं सणासुदीला ही किट स्वस्तात मिळतात. दोघांनी हौसेनं नळीत थुंकून पाठवलं. निकालात बापाकडच्या वंशाचा गट येतो. भावाचा आला आर-वन-ए, तात्यांच्या मुलाचा एच. झालं! तात्यांनी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्ट टाकला आणि खाली लिहिलं, "विज्ञानानं निकाल दिला."

काय निकाल दिला? वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडं जवळजवळ जसंच्या तसं जातं. आजोबांचे जनक वडील दुसऱ्या कुळातले, मग वाय दुसरं येणारच. दत्तकपत्रात त्यांचं नाव मोडीत ठळक लिहिलंय, त्याला अमेरिकेतली प्रयोगशाळा कशाला लागते? शिवाय हे दोन्ही गट भारतभर कैक जातींत सापडतात. त्यावरून कोण कुळाचा आणि कोण बाहेरचा हे ठरवणं म्हणजे चपलेच्या मापावरून आडनाव सांगणं.

तात्यांनी ग्रुपवर न टाकलेलं पान तर पुढंच आहे. त्याच रिपोर्टात हे दोघं एकमेकांचे नातेवाईक म्हणून जुळलेत. आजोबांची आई त्याच घरची लेक, त्यामुळं दोघांचे खापरपणजोबा एकच. एवढ्या लांबच्या भावांचा डीएनए सरासरी ०.८ टक्के जुळतो, दहातल्या एखाद्या जोडीत तर जुळलेला दिसतही नाही. या दोघांचा त्याहून बराच जास्त जुळला. कारण मधल्या पिढ्यांत मामाच्या मुली करून घेतलेल्या. आपल्या भागातल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावं. कंपनी नातं आहे त्यापेक्षा जवळचं सांगते, कारण मामेबहिणीशी लग्न तिच्या हिशेबात धरलेलं नसतं.

आणि दत्तक म्हणजे वारस नव्हे, हे साताऱ्यात तात्यांच्या आधी लॉर्ड डलहौसीनं म्हटलं होतं. १८४८ साली छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब वारले, त्यांचं दत्तकविधान कंपनी सरकारनं मानलं नाही आणि राज्य खालसा केलं. त्याच्याही आधी, १७५० मध्ये, ताराबाईंनी शाहू छत्रपतींचे दत्तक वारस रामराजे यांना किल्ल्यात कैद केलं आणि हा आपला नातू नव्हेच, तोतया आहे, असं सांगितलं. स्वतःच नातू म्हणून पुढं आणलेला! तरी रामराजे गादीवर राहिले, आणि त्यांच्यामागं १७७७ साली आलेले दुसरे शाहूही दत्तकच. साताऱ्याच्या गादीला जे चाललं ते आमच्या पालखीला चालत नाही?

असो. तुम्हाला मूळ शोधायचंच असेल तर आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, तुमच्याकडं हेळवी, म्हणजे वंशावळ सांगणारे, येतात का. सांगली आणि दक्षिण साताऱ्यात कर्नाटकातून बैल घेऊन येतात, पिढ्यांची नावं, कुठून कुठं स्थलांतर झालं, सगळं वहीत असतं. मग तहसीलमधलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ ही जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, जुने फेरफार, आणि त्याहून मागं जायचं तर पुण्याचं पुराभिलेखागार. मोडी वाचणाऱ्याला पैसे द्या, ते किटपेक्षा सत्कारणी लागतील. हेळव्याच्या वहीतही यजमानाला खूश करणारी मजकुराची भर असते, तेवढं चाळून घ्यावं लागतं.

टेस्ट अगदीच निरुपयोगी आहे असं मात्र नाही. ज्याला आईबापच ठाऊक नाहीत, अनाथाश्रमातून परदेशी दत्तक गेलाय, त्याला जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीतून माणसं सापडतात. सख्ख्या चुलतभावाशी साडेबारा टक्क्यांच्या आसपास जुळतं, तिथं शंकेला जागा राहत नाही. पण तुमचा प्रश्न तो नाही.

करणारच असाल तर स्वतःची नको, घरात सगळ्यात वयस्कर असेल त्याची करा, त्यांच्यात मागच्या पिढ्यांचा वाटा जास्त टिकलेला असतो. त्यांना आधी समजावून सांगा, कारण नमुना एकाचा असला तरी उघडी पडते सगळी भावकी. ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि रिपोर्ट आला की आधी नातेवाइकांच्या यादीचं पान उघडा, वंशाच्या गटाचं नंतर. तात्यांना मी अजून तेच सांगतोय.