५० लाख अजून आलेच नाहीत, पॉलिसीचे २ लाख मात्र गेले

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ३८, एसी-फ्रीज रिपेअरिंगचा स्वतःचा धंदा, हाताखाली एक पोरगा. ९ जूनला पहाटे गंगापूर रोडवर सायकल चालवताना मागून कारने उडवलं. उजवा खांदा गेला, दोन ऑपरेशन्स, आत प्लेट. खर्च ३ लाख ८० हजार, त्यातले ३ लाख मेडिक्लेमने दिले. एफआयआर झालाय, कारचा इन्शुरन्स चालू आहे, आणि क्लेमची कामं करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलंय की ५० लाख कुठेच गेले नाहीत. तर त्यांचा प्रश्न असा, की ५० आले की २० लाख बँकेतल्या मॅडमच्या गॅरंटीड इन्कम प्लॅनमध्ये आणि ३० लाख होम लोनला, हे वाटप बरोबर आहे का, का थोडे शेअर मार्केटमध्ये टाकू?

दादा, बाजारात तुरी म्हणतात ती हीच. वाटपाचं राहू दे. तुमच्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात जाता जाता जे लिहिलंय ते वाचून मी दुसरं काम बाजूला ठेवून हे उत्तर लिहायला बसले.

तुम्ही लिहिता, फाईल त्या माणसाकडेच आहे, कोऱ्या वकालतनाम्यावर (वकील नेमल्याच्या कागदावर) सह्या दिल्यात, दिवाळीनंतर केस टाकू म्हणालाय, ३० टक्के त्याचे. दिवाळी होऊन महिना झाला. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला बदल झाला आणि १ एप्रिल २०२२ पासून भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा अशी अट आहे. ९ जून अधिक सहा महिने, बोटं मोजा, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुदत संपते. या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे हे मला माहितेय, तो माणूस पण तुम्हाला तेच सांगेल, पण दुसऱ्याच्या केसवर आपली केस टांगून ठेवायची गरज काय? शिवाय व्याज साधारण अर्ज केल्या दिवसापासून मिळतं, म्हणजे त्याच्या आळसाचं भाडं पण तुम्हीच भरताय.

आज रात्री ई-कोर्ट्सच्या साइटवर नाशिकच्या कोर्टात स्वतःचं नाव टाकून बघा केस दाखल आहे का. नसेल तर उद्या सकाळी जाऊन फाईल परत आणा, गोड बोलून आणा पण आणा. मग मोटार अपघात न्यायाधिकरणात नेहमी उभा राहणारा वकील स्वतः गाठा. आणि ते ३० टक्के? निकालाच्या रकमेत वाटा ठरवायला वकिलालासुद्धा बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे, हा तर वकील पण नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तिथे विचारा.

आता ५० लाखांकडे येऊ. हा आकडा कुठून आला ते मला तुमचा इन्कम टॅक्स रिटर्न बघून कळलं. तुम्ही रिटर्नमध्ये वर्षाला २ लाख ४० हजार दाखवता. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढे उत्पन्न वाढलं असतं असं धरून कोर्ट त्यात ४० टक्के मिळवतं (सुप्रीम कोर्टाची प्रणय सेठीची केस, २०१७), झाले ३ लाख ३६ हजार. ३६ ते ४० वयाला १५ चा गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला १५ ने गुणायचं (सुप्रीम कोर्टाचीच सरला वर्मा केस, २००९). गुणा, ५० लाख ४० हजार! म्हणजे हा आकडा तुमचं शरीर शंभर टक्के कामातून गेलं असं धरून काढलाय. तुमच्या अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर १८ टक्के आहे. ५० चे १८ टक्के ९ लाख. वकिलाने नीट मांडलं आणि कोर्टाने २५ टक्के धरलं तर साडेबारा. त्यात मेडिकल बिलं, बसून काढलेल्या महिन्यांची कमाई, वेदनांचे थोडे, असं करून १७-१८ लाख आणि वर व्याज. हे झालं चांगलं चित्र. वर्षं जातील, विमा कंपनी हायकोर्टात अपिलात गेली तर अजून जातील. लोकअदालतीत लवकर सुटतं पण थोडं सोडून.

पण मला खरा राग आलाय तो पुढच्या गोष्टीचा. तुम्हीच लिहिलंय की खरी कमाई महिन्याला ५० हजार, म्हणजे वर्षाला ६ लाख. मित्राचा अकाउंटंट दीड हजारात रिटर्न भरतो आणि दरवर्षी २ लाख ४० हजार टाकतो, 'टॅक्स वाचतो' म्हणून. कुठला टॅक्स?? नव्या करपद्धतीत २०२३-२४ आणि २०२४-२५ ला ७ लाखांपर्यंत टॅक्स शून्य होता, २०२५-२६ ला १२ लाखांपर्यंत शून्य. त्याआधीही ६ लाखांतून दीड लाखाची ८०सी वजा केली असती तर शून्यच. म्हणजे तुम्ही शून्य रुपये वाचवायला उत्पन्न लपवलं. आता हेच गणित ६ लाखांवर करा. ८ लाख ४० हजार गुणिले १५, त्याचे २५ टक्के, साडेएकतीस लाख. साडेबारा कुठे, साडेएकतीस कुठे. १९ लाखांचा फरक, आणि तो त्या दीड हजारवाल्याने पाडला, विमा कंपनीने नाही. कोर्टात तुम्ही किती राबता ते कोण बघणार, तुमच्याच सहीचा सरकारी कागद बघतात.

आणि आता घाईघाईने मागच्या वर्षांचे वाढीव रिटर्न भरू नका, कोणीतरी तुम्हाला हे सुचवणारच. अपघातानंतर अचानक वाढलेलं उत्पन्न विमा कंपनीचा वकील पहिल्या पाच मिनिटांत उचलतो आणि मग तुमच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही. जे आहे ते गोळा करा, यूपीआयचे जमा मेसेज, सोसायट्यांचे एएमसीचे (वर्षभराच्या देखभालीचे) करार, पार्टवाल्यांची बिलं, आणि वकिलाला रिटर्न आणि खरी कमाई दोन्ही सांगा, काय मांडायचं ते तो ठरवेल. या वर्षीपासून मात्र खरं लिहा.

जिथे तुम्ही अजून पैसे वाचवू शकता ती जागा म्हणजे खांदा. सर्टिफिकेटवरचे १८ टक्के हे शरीराचे आहेत, कोर्टाने बघायचं असतं की त्यामुळे कमाई किती टक्के गेली. सुप्रीम कोर्टाने राज कुमार विरुद्ध अजय कुमार मध्ये २०१० लाच हे समजावून सांगितलंय, डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुतार बसून जातो, क्लार्क कदाचित नोकरी टिकवतो. तुम्ही लिहिलंय, शिडीवर चढून आउटडोअर युनिट धरायला गेलो तर हात कानाच्या वर जात नाही, पोरगा धरतो आणि मी खालून सांगतो. हे वाक्य जसंच्या तसं वकिलाला द्या. डॉक्टरांकडून लिहून घ्या की डोक्याच्या वर वजन उचलता येणार नाही. कुठली कामं सोडावी लागली त्याची वही ठेवा, तारीख आणि गिऱ्हाइकाच्या नावासकट.

सायकलीला लायसन्स नाही, इन्शुरन्स नाही, मग क्लेम कसा, असं तुमचा मेहुणा म्हणतो ते चूक आहे. सायकलला ते लागतच नाही, तुम्ही थर्ड पार्टी, म्हणजे त्या कारच्या बाहेरचा माणूस आहात आणि पैसे कारच्या विम्यातून येतात. पण अंधारात मागे लाइट नव्हता, चूक सायकलवाल्याची पण आहे असं विमा कंपनी म्हणणार, आणि ते पटलं तर रक्कम कापली जाते. म्हणून तो तुटलेला मागचा लाइट आणि वाकलेली सायकल भंगारात देऊ नका, फोटो काढा, सायकलचं बिल शोधा, तिचंही नुकसान मागता येतं. मेडिक्लेमचे ३ लाख मिळाले म्हणून ती बिलं लपवायची पण गरज नाही, मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलंय की ते पैसे भरपाईतून कापायचे नाहीत. मूळ बिलं मेडिक्लेमकडे गेली असतील तर शिक्क्याच्या कॉप्या मागून घ्या.

कारवाला दीड लाख देतो, 'मिटवून टाकू' म्हणतो. माणूस चांगला असेल, दवाखान्यात फळं घेऊन आला म्हणता. पण भरपाई त्याच्या खिशातून जाणारच नाही, विमा कंपनी देणार आहे, मग 'आता काही तक्रार नाही' असल्या कागदावर सही कशाला? त्याला हे शांतपणे सांगा.

राहता राहिली मॅडमची पॉलिसी. तोच गॅरंटीड इन्कम प्लॅन तुम्ही आधीच घेऊनही टाकलाय, १२ दिवसांपूर्वी बॉण्ड (पॉलिसीचा कागद) आलाय, ४ लाखांची एफडी मोडून पहिला २ लाखांचा हप्ता भरलात. कमाई अर्धी झालीय, घरखर्च बायकोच्या पगारावर, आणि घरातली एकमेव शिल्लक मोडून पुढची नऊ वर्षं दरवर्षी २ लाख भरायचं वचन दिलंत, ते पण न आलेल्या पैशाच्या जोरावर! बरं मिळणार काय, १० वर्षं २-२ लाख भरा, दोन वर्षं थांबा, मग १० वर्षं ४-४ लाख. 'दुप्पट' म्हणे. पैसा भरण्याचा मध्य आणि मिळण्याचा मध्य यात १२ वर्षांचं अंतर, १२ वर्षांत दुप्पट म्हणजे ६ टक्क्यांच्या आसपास. पीपीएफ ७.१ देतं आणि त्यात हप्ता चुकला म्हणून कोणी पैसे बुडवत नाही. मॅडमनी तुमच्या गळ्यातली पट्टी बघितली असणार ना?

बॉण्ड हातात पडल्यापासून ३० दिवस फ्री-लूक असतो, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत. १२ गेले, १८ आहेत. अर्ज लिहा, पॉलिसी नको, पैसे परत करा, बॉण्ड जोडा, विमा कंपनीच्या ऑफिसात नेऊन द्या आणि पोचवर शिक्का घ्या, नुसतं मॅडमला व्हॉट्सॲप करून चालणार नाही, त्या सुट्टीवर जातील. ईमेल पण करा. स्टॅम्प ड्युटी वगैरे किरकोळ कापून पैसे येतात. आले की सेव्हिंगमध्ये किंवा एफडीत ठेवा आणि निकाल लागेपर्यंत हात लावायचा तो फक्त घरखर्चाला. होम लोनचा हप्ता चालू राहू दे, जास्तीचं काही भरू नका.

फिजिओ बंद केलीत म्हणता, ५०० रुपये सेशन परवडत नाही म्हणून. २ लाखांचे ४०० सेशन होतात.