३९ कुलपं

प्रिय मुली,

तुझं पत्र काल रात्री वाचलं. ‘पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) सोडून मेडिसिनच्या सीटसाठी पुन्हा बसू का?’ यावर तू दोन पानं लिहिलीस. आणि ‘सर, सर्व्हेतल्या ३९ घरांना कुलूप होतं, ती वगळली तर चालेल ना?’ हे शेवटच्या ओळीत, जाता जाता. मी आधी शेवटची ओळ घेतो.

नाही चालणार.

विडीचंच बघ. कारखान्यातून पान-तंबाखू आणायचा, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायचं, मजुरी हजार विड्यांवर. जिला दम लागतो, जिची बोटं आखडतात, तिचे हजार भरत नाहीत. ती काम सोडते, लेकीकडे नाहीतर गावाकडे जाते. मग आपण फॉर्म घेऊन पोचतो, मागे उरलेल्या धडधाकट बायकांची छाती तपासतो आणि ‘तंबाखूच्या धुळीचा फारसा त्रास आढळला नाही’ असं लिहून मोकळे होतो.

हे मी केलंय. प्रबंधाची तारीख डोक्यावर होती, एप्रिलचं सोलापुरी ऊन होतं. न भेटलेल्या बायकांपुढे ‘अनुपलब्ध’ लिहिलं. परीक्षकांनी कौतुकही केलं. दोन वर्षांनी दत्तनगरात दुसऱ्याच कामासाठी एका घरात गेलो, तर माझ्या यादीतल्या एका ‘अनुपलब्ध’ बाईचा फोटो भिंतीवर, हार घातलेला. सून म्हणाली, तुम्ही आलात तेव्हा अत्तम्मा (तेलुगूत सासूबाई) दवाखान्यात ॲडमिट होत्या. शेजारणीला विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. मी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून एकच हट्ट: बंद दाराकडे परत जा. सकाळी जा, दिवे लागल्यावर जा, सणाला जा. गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, बाहेरगावी गेलेली माणसंही सोलापुरात येतात. हे सॅम्पलिंगच्या पुस्तकात नसतं.

‘गहाळ माहिती सॉफ्टवेअर भरून काढतं’ म्हणतेस. काढतं की. भेटलेल्यांवरून न भेटलेल्यांचा अंदाज बांधतं. पण न भेटण्याचं कारणच आजारपण असेल आणि ते तू कुठं टिपलंच नसशील, तर ते बिचारं अंदाज कशावर बांधणार?

डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांना धूम्रपानाबद्दल विचारलं. त्यांतल्या ३४,४३९ पुरुषांचा माग पुढे ५० वर्षं ठेवला गेला. पण इतक्या लांब कशाला? बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी आहे, देशातली पहिली. खेड्यातला रोगी दवाखान्यात येईलच असं नाही, म्हणून नोंद करणारा गावात जातो. आणि शेजारच्या उस्मानाबादेत, आताच्या धाराशिवात, १,३१,७४६ बायकांना गटांत विभागून अभ्यास झाला. एकदाच एचपीव्हीची (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची) तपासणी मिळालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी न मिळालेल्या गटाच्या मानाने, जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली जगाने ते वाचलं. कोण गेलं आणि कशानं गेलं, हे गावोगाव वर्षानुवर्षं कुणीतरी विचारत राहिलं, म्हणून तो आकडा उभा राहिला. बंद दार, परत जा. कंटाळलीस ना ऐकून? मीही सांगून कंटाळलोय.

लोक म्हणतात, यांनी दारं ठोठावण्यात जन्म घालवला, पेपर किती आले? कमी आले. बढती उशिरा मिळाली. पोराच्या बारावीच्या वर्षी मी कुंभारीत कुणाच्या तरी ओसरीवर बसून होतो, हे बायको अजून ऐकवते. खरंय तिचं. पण माझ्या वहीत त्यानंतर ‘अनुपलब्ध’ हा शब्द नाही, हेही खरंय. तिला ते पटत नाही, तुला पटलं नाही तरी हरकत नाही.

आता मेडिसिन. तिथे पेशंट आपल्या पायांनी येतो, बरा झाला की पेढे देतो. इथे जिला कर्करोग झालाच नाही ती पेढे आणणार नाही, कारण काय टळलं हे तिलाच ठाऊक नसतं. एवढं सोसवत नसेल तर खुशाल जा, मी रागावणार नाही. (थोडा रागावेन.) पण ती ३९ घरं करून जा.

रविवारी सकाळी सातला अशोक चौकात ये, ऊन चढायच्या आत. ‘इंट्लो एवरैना उन्नारा?’ म्हणजे घरात कुणी आहे का, एवढं तेलुगू पाठ करून ये. आणि ज्यांच्यापुढे ‘स्थलांतरित’ लिहून ठेवलंयस, त्यांची गावं शेजाऱ्यांना विचारून लिहून आण. त्यातली एखादी अक्कलकोटची निघाली तर दुपारची एसटी धरू.