सगळ्यांकडे जाते, माझ्याकडे येत नाही

ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दोन महिन्यांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका संस्थेतून दत्तक घेतलेली आमची लेक घरी आली. ती आता २ वर्षं ४ महिन्यांची आहे. मंडळाच्या कार्यक्रमात ती कुणाच्याही मांडीवर जाऊन बसते आणि सगळे म्हणतात, 'किती माणसाळलेली पोर!' घरी मात्र तिला बाबाच लागतो, माझा हात ढकलते. जेवायला बसली की उलटी होईपर्यंत खाते. रात्री २ वाजता जागी होते, पण रडत नाही, टक्क डोळे उघडे ठेवून पडून राहते. माझी रजा संपत आली. सासूबाई पुण्याहून ६ महिन्यांसाठी येताहेत. त्या म्हणतात, 'मी सांभाळते, तू खुशाल कामावर जा.' माझंच काही चुकतंय का?

— रात्रभर जागी

तुमचं काही चुकत नाहीये. सासूबाईंचं तिकीट रद्द करू नका, पण त्या विमानात बसण्याआधी त्यांच्याशी एकदा सविस्तर बोला. काय बोलायचं ते पुढे येईलच.

आधी ते मांडीवर बसणं. मंडळींना त्यात गोडवा दिसतो, आम्हाला सवय दिसते. संस्थेत मावश्यांच्या पाळ्या बदलतात. सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी, त्यात मध्येच एखादी सोडून जाते. अशा ठिकाणी मूल एवढंच शिकतं की जो येईल त्याच्याकडे हात करायचे, म्हणजे कुणीतरी उचलेल. आपलं माणूस कोण आणि परकं कोण हा फरक तिला अजून कुणी शिकवलेलाच नाही. तो शिकवणं हेच या वर्षाचं खरं काम, बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

त्यासाठी तिचं जग काही महिने लहान करावं लागेल. निदान पुढचे ४ महिने भरवणं, पाणी, आंघोळ, कपडे, औषध, झोपवणं आणि पडल्यावर उचलणं ही कामं फक्त तुम्हा दोघांच्या हातून व्हावीत. बाकीच्यांनी हसावं, गाणी म्हणावीत, चेंडू टाकावा. तिने हात वर केले की 'आई कुठंय? आईकडे जा' म्हणून तुमच्याकडे वळवावं. मंडळात लोकांना हे तुसडेपणाचं वाटेल. वाटू दे.

बाबाच लागतो, याचं कारणही त्यातच आहे. संस्थेत तिला सांभाळणाऱ्या बहुतेक बायकाच असणार, आणि शेवटी तिला सोडून गेल्या त्याही बायकाच. तुमच्या चेहऱ्यात तिला पुढची मावशी दिसते. बाबांनी काही आठवडे मागे सरावं: उड्या, घोडा-घोडा, बागेत फिरणं त्यांचं, आणि खाऊ, दूध, आंघोळ, अंगाई तुमची. संध्याकाळी १२० मिली कोमट दूध तिला मांडीवर आडवं घेऊन, डोळ्यांत बघत, तान्ह्या बाळासारखं पाजा. २ वर्षांच्या मुलीला हे लाड कशाला, असं कुणी म्हणालंच तर तिचं ते राहून गेलंय असं सांगा. नंतर दात घासून घ्या. दिवसभराचं दूध मात्र ४८० मिलीच्या वर जाऊ देऊ नका. दुधाने पोट भरलं की जेवण मागे पडतं आणि रक्तातलं लोह खालावतं.

आता खाणं. ती हावरट नाहीये. संस्थेत सगळ्यांची ताटं एकदम येतात आणि एकदमच उचलली जातात, तिथली ही घाई आहे. तिला दर २ ते अडीच तासांनी थोडं थोडं खायला द्या, दिवसातून ५-६ वेळा. ताटलीत एका वेळी दोनच चमचे खिचडी वाढा, पण पातेलं तिला दिसेल असं समोर ठेवा आणि 'अजून आहे' म्हणून दाखवा. 'पुरे आता' हे शब्द सध्या नकोत. तिच्या हाताला येईल अशा कप्प्यात झाकणाचा छोटा डबा ठेवा. त्यात केळ्याचे काप किंवा मऊ पोळीचे तुकडे असावेत, आणि डबा कधीही रिकामा दिसता कामा नये. उशीखाली बिस्किट सापडलं तर रागावू नका, काढूनही घेऊ नका. तिच्यासमोर ते डब्यात ठेवा आणि डबा उशाशी द्या. बऱ्याच मुलांचं हे काही आठवड्यांत निवळतं. एक धोका मात्र लक्षात ठेवा: आजवर सगळं मऊ खाल्ल्यामुळे चावायची सवय नसते आणि ती तोबरा भरते. द्राक्षं उभी चिरूनच द्या, आणि अख्खे शेंगदाणे घरात तिच्या हाती लागू देऊ नका.

रात्रीचं जागणं आता वेळेच्या फरकाचं नाही, तो १०-१५ दिवसांत सरतो. ती रडत नाही, हे आम्हाला जास्त टोचलं. रडून कुणी येत नाही हे कळलं की मूल रडणं सोडून देतं. म्हणून तिने हाक मारली नाही तरी जा. तिची गादी तुमच्या पलंगाला लागून टाका. मंद दिवा आणि पंख्याचा आवाज राहू द्या. दिव्याच्या उजेडात, दहा मुलांच्या श्वासांत झोपलेल्या पोरीला अंधारी शांत खोली भीतीदायक वाटते. संस्थेतून आलेली चादर किंवा फ्रॉक धुतला नसेल तर धुऊ नका. आणि ज्या रात्री ती भोकाड पसरेल, त्या दिवशी पेढे वाटा.

डॉक्टरांकडे गेला असालच. नसाल तर या आठवड्यात जा. हिमोग्लोबिन, लोह, शिसं, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस, आणि वेगवेगळ्या दिवशीचे शौचाचे ३ नमुने. बीसीजीचा (क्षयाच्या लसीचा) व्रण असला तरी क्षयाची तपासणी टाळू देऊ नका. तिच्या वयाला ती रक्तावरून करता येते, तशी मागा. क्षय, हिपॅटायटिस आणि एचआयव्हीच्या तपासण्या घरी आल्यापासून ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा कराव्या लागतात. लसींचं कार्ड नीट वाचून घ्या. भारतात गोवर-रुबेलाची पहिली लस ९ महिन्यांना देतात, अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत. शिवाय गालगुंड, कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए या लसी भारताच्या सरकारी वेळापत्रकात नाहीत.

ती अजून बोलत नसेल, तर कान तपासल्याशिवाय 'दोन भाषांमुळे बोलत नाही' हे कुणाचंही ऐकू नका. घरात मराठीच बोला. विमान, घर, माणसं, वास, सगळं बदललं. ओळखीचे शब्द तेवढे राहिले आहेत. ३ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी अमेरिकेत 'अर्ली इंटरव्हेन्शन' असतं, म्हणजे वाढीत मागे राहिलेल्या लहानग्यांना मदत करणारी सरकारी योजना. त्यातलं मूल्यमापन मोफत होतं आणि नोंदणीपासून पहिल्या योजना-बैठकीपर्यंत ४५ दिवसांची मुदत असते. तुमच्या हातात ८ महिने आहेत, म्हणून फोन आजच करा. मूल्यमापन मराठीत व्हावं, दुभाषा द्या, हे स्पष्ट सांगा.

कागदांचं थोडक्यात. ती आयएच-३ व्हिसावर (दत्तकविधान परदेशातच पूर्ण झालेल्या मुलांचा व्हिसा) आली असेल आणि तुमच्यापैकी एक जण अमेरिकन नागरिक असेल, तर ती अमेरिकेत उतरली तेव्हाच नागरिक झाली. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र अर्ज न करता टपालाने येतं. अजून आलं नसेल तर पत्ता तपासा. कारासाठीचे (भारतातलं केंद्रीय दत्तक प्राधिकरण) अहवाल पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर ६ महिन्यांनी जातात. या अहवालांसाठी समाजसेविका घरी आली की घर चकचकीत करून 'सगळं छान' म्हणू नका. उलटी, रात्रीचं जागणं, तुम्हाला येणारं रडू, सगळं सांगा. मदत त्याच वाटेने मिळते. आणि तुम्हाला दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटत असेल, तर स्वतःसाठी डॉक्टर गाठा. दत्तक घेतल्यावरही आईला नैराश्य येतं.

रजेचा हिशेब असा. अटींत बसत असाल तर न्यू जर्सीत मूल घरी आल्यापासूनच्या पहिल्या वर्षात आई आणि बाबा दोघांनाही वेगवेगळी १२ आठवड्यांपर्यंत पगाराची अंशतः भरपाई मिळते. तुमचे १२ संपले की बाबांचे सुरू करा. जवळपास साडेपाच महिने निघतात, तेवढे या कामाला बऱ्यापैकी पुरतात.

आणि सासूबाई. त्यांना फोनवर म्हणा, 'आई, स्वयंपाकघर तुमचं. वरण-भात तुमच्या हातचा, पण भरवणार मी. गाणी, गोष्टी, चिऊ-काऊ सगळं तुमचं.' त्यांना वाईट वाटेल. एखाद-दोनदा त्या लपून भरवतीलही, त्यावरून भांडू नका. हे ४ महिने सरल्यावर लेक तुम्ही उठलात की मागे येऊ लागेल, पाहुण्यांना बघून पदराआड लपेल. घरात कुणीतरी नक्की म्हणेल, 'आधी किती छान होती, आता बिघडली.' त्या दिवसांत एक बघा. सासूबाईंनी हात पुढे केल्यावर ती आधी तुमच्याकडे वळून पाहते का? पाहत असेल, तर दुसऱ्या दिवसापासून सकाळची आंघोळ त्यांच्याकडे सोपवा.