अर्धा कॅल्व्हिनवादी? एका तरुण बॅप्टिस्टाला पत्र

प्रिय मुला,
प्रभूच्या नावात सलाम.

तुझा प्रेस्बिटेरियन मित्र (त्यांच्यात तान्ह्या बाळांनाही बाप्तिस्मा देतात) तुला अर्धा कॅल्व्हिनवादी, म्हणजे जॉन कॅल्व्हिनची शिकवण अर्धीच मानणारा म्हणाला, हे वाचलं. कोणाचं तारण होणार हे देव निवडतो, त्याची कृपा कोणी अडवू शकत नाही, खरे विश्वासणारे शेवटपर्यंत टिकतात, हे सगळं मानतोस, मग देवाने आपल्या लोकांशी बांधलेला एकच अखंड करारही मान. आणि करार मानलास तर, अब्राहामाच्या घरात जशी तान्ह्या मुलांची सुंता होई, तसा तान्ह्या बाळांचा बाप्तिस्माही मानावा लागेल, असं त्याचं म्हणणं; आपण बॅप्टिस्ट तर फक्त विश्वास ठेवणाऱ्यालाच बाप्तिस्मा देतो. त्याच्यावर चिडू नकोस. त्याचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून तुला पुढे जाता येणार नाही.

फक्त एवढं लक्षात घे की हा प्रश्न आपल्या बॅप्टिस्ट पूर्वजांना बाहेरून कोणी येऊन विचारला नव्हता. ते त्याच घरातले होते. हेन्री जेकबने 1616 साली लंडनच्या सदर्कमध्ये जी स्वतंत्र मंडळी स्थापन केली, तिच्यातूनच 1630 च्या दशकात काही जण बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर वेगळे झाले. 1644 साली लंडनच्या अशा सात बॅप्टिस्ट मंडळ्यांनी आपला मतांगीकार, म्हणजे आपण काय मानतो याचं लेखी निवेदन, छापला, तोही निवडीच्या बाबतीत पक्का कॅल्व्हिनवादी. स्मिथ आणि हेल्विस यांच्या परंपरेतले जनरल बॅप्टिस्ट ख्रिस्त सर्वांसाठी मेला असं मानत; या सात मंडळ्यांचे लोक, म्हणजे पर्टिक्युलर बॅप्टिस्ट, तो निवडलेल्यांसाठीच मेला असं मानत. म्हणजे कॅल्व्हिनवाद आपण नंतर कुठून उसना आणलेला नाही.

आता करार. 1677 मध्ये तयार झालेला आणि 1689 मध्ये शंभराहून जास्त मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी उचलून धरलेला आपला दुसरा मतांगीकार घे, प्रेस्बिटेरियन मानतात तो वेस्टमिन्स्टरचा मतांगीकार शेजारी ठेव, आणि दोन्हींचा सातवा अध्याय ओळीने वाच. बराचसा मजकूर तोच आहे. नवे शब्द काढायची आपल्याला हौस नाही, हे त्यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलंय. पण वेस्टमिन्स्टर म्हणतं की कृपेचा करार, म्हणजे ख्रिस्तावरच्या विश्वासाने तारण देण्याचं देवाचं वचन, एकच, जुन्या आणि नव्या काळात त्याची व्यवस्था तेवढी वेगळी. हा भाग आपल्या लोकांनी गाळला. त्याजागी त्यांनी लिहिलं की हा करार प्रथम आदामाला, स्त्रीच्या संतानाच्या वचनातून कळवला गेला, मग टप्प्याटप्प्याने उलगडत गेला आणि नव्या करारात पूर्ण प्रकट झाला. सगळा वाद या बदलात आहे, म्हणून इथे घाई करू नकोस.

पर्टिक्युलर बॅप्टिस्ट पाळक नेहेमाया कॉक्स यांनी 1681 मध्ये हे सविस्तर मांडलं. अब्राहामाला दोन प्रकारचं संतान आहे: देहाने झालेलं आणि विश्वासाने झालेलं. सुंतेचा करार पहिल्याशी, कनान देशाशी, राष्ट्राशी बांधलेला होता. त्या करारात कृपेचं वचन होतं, पण तो स्वतः कृपेचा करार नव्हता. नवा करार कसा, ते यिर्मयाच्या 31 व्या अध्यायात आहे आणि इब्रीकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायात ते पुन्हा येतं: त्यातले लहानथोर सगळे देवाला ओळखतात, सगळ्यांच्या पापांची क्षमा झालेली असते. मग जो अजून ओळखत नाही त्याला कराराचं चिन्ह कसं द्यायचं? आपला बाप्तिस्मा करारामुळेच असा आहे. हे तुझ्या मित्राला सांग, आणि प्रेमाने सांग.

आपल्यातले सगळेच कॉक्स यांच्यासारखं मांडत नाहीत. कृपेचा करार एकच मानून बाप्तिस्मा मात्र विश्वासणाऱ्यांचाच, असं म्हणणारेही बॅप्टिस्ट आहेत. मला कॉक्स यांचं म्हणणं शास्त्राला जास्त धरून वाटतं.

एका गोष्टीची मात्र मला तुझ्याबद्दल खरी काळजी वाटते. निवडीचं शिक्षण नवीन कळलं की माणूस वाद जिंकायला लागतो आणि सुवार्ता सांगायची राहून जाते. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या कितीतरी पर्टिक्युलर बॅप्टिस्ट मंडळ्यांचं हेच झालं. पापी माणसाला विश्वास ठेव असं उघड आवाहन करायलाही पाळक कचरू लागले. त्यांच्यातलेच पाळक अँड्र्यू फुलर यांनी 1785 मध्ये या विचाराविरुद्ध पुस्तक छापलं, आणि तेही कॅल्व्हिनवाद न सोडता. 1792 मध्ये इंग्लंडमधल्या केटरिंगला मिशनरी संस्था उभी राहिली ती याच लोकांची. तिनेच विल्यम कॅरी यांना बंगालमध्ये पाठवलं. त्यांचं मराठी व्याकरण 1805 चं, आणि मराठीतला नवा करार 1811 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापून निघाला. आपल्या भाषेत शास्त्र छापून देण्यासाठी झटलेला हा माणूस देवाची निवड मनापासून मानत होता. पुढच्या वेळी कोणी म्हणालं की कॅल्व्हिनवादाने सुवार्ताकार्य थंडावतं, तर त्याला हे सांग.

मंडळी बदलू का, असं तू विचारलंस. आत्ता नको. 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा बॅप्टिस्टही त्यात आले आणि बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धतींना एकाच मंडळीत जागा मिळाली. मला ती तडजोड पटत नाही, तरी त्या मंडळ्यांतल्या भावाबहिणींकडून मी प्रार्थना करायला शिकलो आहे. तू जिथे आहेस तिथे पाळकांना भेट, तुझे प्रश्न त्यांच्यासमोर ठेव, त्यांचं पूर्ण ऐकून घे.

आणि गलतीकरांस पत्राचा तिसरा आणि चौथा अध्याय एका बैठकीत वाच. अब्राहामाची दासी हागार आणि बायको सारा हे दोन करार आहेत असं पौल म्हणतो तिथे थांब, आणि तुझी मुलं उद्या जन्मली तर ती त्यातल्या कुठे बसतात ते तुझ्या शब्दांत मला लिहून पाठव.

तुझा,
ख्रिस्तातला काका