कारणाच्या रकान्यातला गांजा

प्रश्न : आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायचा आहे. माझे खापरपणजोबा १८९२ साली रत्नागिरीच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाले होते. त्यांच्या सुटकेच्या कागदाची नक्कल जुन्या पेटीत सापडली. त्यात 'कारण : गांजा' आणि शेवटी 'धाकट्या भावाच्या ताब्यात दिले' असं आहे. गावात अजूनही आमच्या घराला 'गांजेकसाचं घर' म्हणतात. हे खरं असेल का? कुलवृत्तांतात काय लिहावं?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : मनोरुग्णालयाच्या कचेरीत माझी सगळी नोकरी झाली. दाखल्याचे कागद रोज हाताखालून जायचे. म्हणून आधी हेच सांगतो, की तो शब्द डॉक्टरांनी तपासून लिहिलेला आहे असं धरू नका. बहुधा तो पोलिसांकडून आलेला आहे.

तेव्हा १८५८चा कायदा चालू होता. वेडसर वाटणारा माणूस भटकताना दिसला की पोलिसांनी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं. सरकारी डॉक्टरांनी दाखला दिला की मॅजिस्ट्रेट हुकूम काढत आणि त्याची रवानगी इस्पितळात होई. बरोबर माहितीचा तक्ता जाई : नाव, वय, धंदा, वेड कधीपासून, कारण काय. ही माहिती गोळा करायची पोलिसांनी. घरचं कुणी हजर नसेल तर शिपायाला काय ठाऊक असणार? पोर गेलं, जमीन गेली, की ताप डोक्यात चढला? पण रकाना रिकामा ठेवला की कागद परत येतो. माझ्या नोकरीतही हे असंच होतं. मग 'गांजा' लिहिलं की कुणी पुढे विचारत नसे. इस्पितळाचा कारभार सहसा सिव्हिल सर्जनकडे, आणि त्यांच्यामागे दवाखाना, तुरुंग अशी इतर कामंही असत. तक्त्यातला शब्द तसाच नोंदवहीत उतरे आणि वर्षअखेरीस सरकारी अहवालात आकडा होऊन छापला जाई.

हा माझा तर्क नाही. गांजा-भांगेची चौकशी करायला सरकारने १८९३ साली एक कमिशन नेमलं. त्याने नेमके १८९२चेच दाखले एकेक करून तपासायला घेतले, रुग्णांच्या गावी, नातेवाइकांकडे चौकशी करवली. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या इस्पितळांत १,३४४ माणसं दाखल झाली होती. त्यांतल्या २२२ जणांपुढे गांजा, भांग किंवा चरस हे कारण लावलेलं होतं. चौकशीअंती कमिशनला ते पटलं फक्त ९८ जणांच्या बाबतीत. बाकीच्यांच्या घरांना पुढे काय काय ऐकावं लागलं असेल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

तुमचे खापरपणजोबा गांजा ओढत नव्हते, असंही या कागदावरून म्हणता येणार नाही. गांजा तेव्हा परवान्याच्या दुकानात उघड मिळे, सरकार त्यावर कर घेई. पण ओढत असले तरी वेड त्यानेच लागलं, हे त्या एका शब्दावरून ठरत नाही. मुंबईच्या पुराभिलेखागारात या इस्पितळांचे वार्षिक अहवाल पाहायला मिळतील, मात्र त्यांत आकडेच असतात, माणसांची नावं शोधू नका.

मला तुमच्या कागदातली शेवटची ओळ जास्त मोलाची वाटते. रुग्णाला घरी न्यायचं तर नातेवाइकाला हमी द्यावी लागे, की मी याला नीट सांभाळीन, हा स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही. तुमच्या त्या धाकट्या आजोबांनी संगमेश्वराहून रत्नागिरी गाठून, साहेबापुढे उभं राहून ही जबाबदारी घेतली. ज्यांना न्यायला कुणी आलंच नाही अशी माणसं मी वॉर्डात म्हातारी होताना पाहिली आहेत. त्यांतली काही तर केव्हाच बरी झालेली होती.

तेव्हा असं छापा : '१८९२ साली रत्नागिरीच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल. पुढे धाकट्या भावाने आपल्या जबाबदारीवर घरी आणले.' त्या भावाचं नाव पूर्ण द्या. गांजाचा उल्लेख करायचाच असेल तर तळटीपेत करा, आणि कमिशनचे वरचे तिन्ही आकडे त्याच तळटीपेत घाला.