उणे एलडीएलच्या निमित्तानं

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता पाहिला. साठ जणांतल्या चौघांचं एलडीएल, म्हणजे रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उणे आलं, आणि तेवढ्यावरून तू लिपिडचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, नाद सोडून संगणकावरच्या जनुकांकडे वळायचं म्हणतेस. वळायचं तर वळ, पण उणे आकड्याला भिऊन नको. मला एवढंच सांग, त्या चौघांचं सिरम, म्हणजे रक्त साकळल्यावर सुटणारा द्रव, तू उजेडाला धरून पाहिलंस का?

त्यातल्या एकाचं एकूण कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ८८०, सगळे आकडे मिलिग्रॅम दर डेसिलिटरला. एलडीएल थेट न मोजता गणितानं काढायच्या फ्रीडवाल्डच्या १९७२ च्या सूत्रात ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग व्हीएलडीएलच्या, यकृतातून ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या कणांच्या, नावे धरतात, इथं १७६. २१० मधून ३८ आणि १७६ वजा केले की उणे ४. एक्सेल चुकलेलं नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र वापरायचंच नसतं. कायलोमायक्रॉनमध्ये, म्हणजे जेवणातली चरबी वाहणाऱ्या कणांमध्ये, ट्रायग्लिसराइड ठासून भरलेलं असतं, कोलेस्टेरॉल नावापुरतं, त्यामुळे पाचाचं प्रमाण टिकत नाही. हे तू परीक्षेत लिहिलंही असशील. पण ट्यूब पाहिली असतीस तर गणिताआधीच कळलं असतं. ते सिरम दुधाळच असणार.

आता तुझा ‘उपाशी: होय/नाही’ हा रकाना. कोल्हापुरात हा प्रश्न असा विचारतात होय? तालमीतला गडी ‘कायबी खाल्लं न्हाई’ म्हणतो ते खरंच असतं, पण रात्री त्यानं कट्ट्यावर धारोष्ण दूध रिचवलेलं असतं. दूध त्याच्या लेखी खाणं नव्हे. रविवारी तांबडा-पांढरा रात्री दहाला उरकला आणि सोमवारी सातला सुई टोचली, तर नऊच तास झाले. तुला बारा हवेत. तो रकाना खोड. शेवटचा घास किती वाजता आणि शेवटचा पेला किती वाजता, असे दोन आख.

गढूळ सिरम दिसलं की फेकू नकोस. काचेच्या नळीत ४ अंशांवर रात्रभर उभं ठेव. सकाळी वर सायीसारखा थर आणि खाली नितळ, तर कायलोमायक्रॉन: जेवण लपवलंय किंवा चरबी रक्तातून हटवण्यातच बिघाड आहे. साय नाही आणि सगळंच गढूळ, तर व्हीएलडीएल. साय आणि खाली गढूळही, तर दोन्ही. मात्र सिरम ताजंच हवं. एकदा गोठलं की कण फुटतात, मग ही परीक्षा व्यर्थ. तुझी साठही सिरम फ्रीझरात गेली आहेत, तेव्हा त्या चौघांना पुन्हा बोलवावं लागेल. कंटाळा येईल, येऊ दे.

सूत्राऐवजी एलडीएल थेट मोजणारं डायरेक्ट एलडीएलचं किट मागवू का, असं विचारलंयस. इतक्या ट्रायग्लिसराइडला तेही फसतं. आणि ट्रायग्लिसराइडचं किट शेवटी ग्लिसरॉलच मोजतं. हाताला ग्लिसरीनचं क्रीम लावून पिपेट धरत असशील तर तेही मोजलं जाईल.

‘या विषयात आता उरलंय काय?’ हे वाक्य वाचून राग आला, लपवत नाही. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७३ मध्ये बुरशीतून कॉम्पॅक्टिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं द्रव्य मिळालं, पण रॅटमध्ये त्यानं कोलेस्टेरॉल उतरेना. औषध निकामी ठरवायला एवढं पुरलं असतं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांत मात्र उतरलं. रॅटच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल बहुतेक एचडीएलवर असतं, माणसाचं एलडीएलवर. रक्त कुणाचं आणि त्यात कोलेस्टेरॉल कशावर बसलंय हे न पाहता निकाल लावला असता, तर स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या औषधांची वाट तिथंच बुजली असती. तू जनुकांवर गेलीस तरी फिनोटाइपच्या, म्हणजे मोजता येणाऱ्या गुणाच्या, रकान्यात हाच एलडीएलचा आकडा बसणार आहे. तो उणे ४ असला तर कुठलं सॉफ्टवेअर तुला वाचवणार?

म्हाताऱ्याचा हेका म्हण. विद्यार्थ्यांचे तक्ते आधी आणि ट्यूबा नंतर पाहण्यात माझीही बरीच वर्षं गेली, म्हणून हेका जरा जास्त आहे.

सोमवारी चौघांनाही बोलव, वेळा विचार, रक्त घे. नळ्या फ्रिजच्या दारात नको, आतल्या कप्प्यात ठेव. दार उघडताना हलतात. मंगळवारी मोबाइलवर फोटो पाठवू नकोस. साय किती मिलिमीटर ते पट्टीनं मोज आणि वही घेऊन ये.