प्रेस शॉपचा आवाज मोजायचाय? मीटर जरा खाली ठेव

पहिल्या दिवशी प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून-कापणाऱ्या मशीनच्या विभागात, नुसता फिर. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावं लागलं, तर तिथे बहुधा 85 डेसिबलच्या वर आवाज आहे. सुरुवात तिथूनच कर.

मोजताना एवढंच पाळ:
- मोजण्याआधी आणि नंतर मीटरला कॅलिब्रेटर (ठरावीक आवाज देऊन मीटर बरोबर दाखवतो का ते तपासणारं उपकरण) लाव.
- मीटर ‘ए’ वेटिंगवर (माणसाच्या कानाला ऐकू येतं त्याच्याशी जुळणारी सेटिंग), मायक्रोफोन कामगाराच्या कानाजवळ. नवखे तो मशीनला चिकटवतात आणि मोठा आकडा घेऊन साहेबांकडे पळतात. (मीही पळालो होतो.)
- आकड्यासोबत वेळ लिही. आपल्या कारखान्यांत आठ तासांना 90 डेसिबल ही मर्यादा. 95 ला चारच तास.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे थेट इअरप्लग वाटून मोकळं होणं. आधी दाबाच्या हवेची गळती, सैल गार्ड (मशीनवरचं संरक्षक कव्हर), उघड्या नळीने मारलेली हवा बघ. त्या नळीच्या तोंडाला कमी आवाजाचं नोझल स्वस्तात बसतं आणि फरक कानाला लगेच कळतो. फोमचे प्लग द्यायचेच, तर ते बोटांत वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत घालायला आणि फुगेपर्यंत धरायला शिकव. बाहेर लोंबणारा प्लग नुसती शोभा.

डोसीमीटर (कामगाराच्या अंगावर लावून पाळीभरचा आवाज मोजणारं यंत्र), ऑक्टेव्ह बँड (कुठल्या पट्टीत किती आवाज, ते मोजणं) नंतर बघू. सध्या शॉपचा हाताने काढलेला नकाशा आणि त्यावर दहा-बारा आकडे पुरे.